डिझेलच्या टाकीतलं पेट्रोल

ही हकिगत लिहायची मी इतकी वर्षं टाळली. टाळायला कारणं भरपूर मिळाली. आधी म्हटलं, घरातली गोष्ट आहे. मग म्हटलं, आता बायकोच राहिली नाही, कशाला उकरून काढायचं. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग नात्यात लग्न निघालं, मग नुसताच कंटाळा. मी आयुष्यभर हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केली. लोकांनी लपवलेलं शोधून काढण्याचा पगार घेतला. त्यामुळे लपवायचं कसं, हेही मला उत्तम येत होतं.

गेल्या महिन्यात मुलगा खराडीहून आमच्या कर्वेनगरच्या घरी जेवायला आला. त्याला नवीन गाडी घ्यायची आहे. भात कालवता कालवता म्हणाला, "बाबा, पेट्रोल घेऊ का डिझेल? तुम्ही एक्स्पर्ट."

"तुझं तू बघ," मी म्हटलं.

"डिझेल नकोच, नाही का? रिस्की आहे. कोणीतरी आईसारखं पेट्रोल टाकायचं त्यात." तो हसला. सून हसली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मीही हसलो. त्या हसण्याचा मला असा संताप आला, की ताट तसंच टाकून उठलो. मुलांना वाटलं, आईच्या आठवणीने बाबा हळवे झाले. हळवा कसला? जिचा काडीचा दोष नव्हता ती जाऊनही आमच्या घरात हसण्याचा विषय होती, आणि तो विषय मीच घरात आणला होता.

तर आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमच्या आधीच्या दोन्ही गाड्या पेट्रोलच्या. तिसरी घ्यायची वेळ आली तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं आणि सगळ्या पुण्याला डिझेलचं वेड लागलं होतं. सकाळी टेकडीवर आमचा निवृत्तांचा ग्रुप जमायचा. तिथे गाडी कशी आहे, बसायला बरी आहे का, असं कोणी विचारत नसे. "किती देते?" एवढाच प्रश्न. लिटरला किती किलोमीटर, ते ऐकून माणसाची अक्कल ठरायची. पेट्रोलवाले आपला आकडा हळू आवाजात सांगायचे. डिझेलवाले टेकडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा सांगायचे. मला त्या दुसऱ्या गटात जायचं होतं. गाडी घेण्यामागचं खरं कारण एवढंच. बाकीची कारणं मी नंतर जमवली.

बायकोला पेट्रोलची हवी होती. ती पन्नाशीत गाडी शिकली होती. तिची थोरली बहीण पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहायची. तिला आम्ही ताई म्हणायचो. आई लवकर गेल्यामुळे ताईंनीच हिला वाढवलं होतं. ताईंना हृदयाचा त्रास होता. मांजरीला जायचं तर बस बदलत अर्धा दिवस जायचा, आणि मला घेऊन चला म्हटलं की माझं वाकडं तोंड बघावं लागायचं. गाडी शिकण्यामागे मांजरीचा रस्ता होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"अहो, आपण पेट्रोलचीच घेऊ या ना," ती म्हणाली. "हलकी असते. मला एकटीला जाता येईल ताईकडे."

"डिझेलवाल्यांना मांजरीत घेत नाहीत का?"

"तसं नाही हो. क्लच जड असतो म्हणतात. माझा गुडघा..."

"कोण म्हणतात? वर्षाचं रनिंग काढ, इंधनातला फरक काढ, मग बोल."

तिने रनिंग काढलं नाही. मीही काढलं नव्हतं, कारण काढलं असतं तर पेट्रोलच घ्यावी लागली असती. आमची गाडी जायची कुठे? मंडई, बँक आणि टेकडीचा पायथा. चालायला जाण्यासाठी आम्ही गाडी काढायचो. डिझेलच्या गाडीची किंमतच मुळात जास्त होती. ते जादा पैसे वसूल व्हायला आम्हा दोघांना तरुणपणापासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

शोरूममधल्या मुलाने सरळ विचारलं, "साहेब, रोजचं रनिंग साधारण किती? कमी असेल तर पेट्रोलच घ्या, मी सांगतो."

"चाळीसेक किलोमीटर," मी म्हटलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. पण चारचौघांत मला खोटं पाडण्याची तिची रीत नव्हती. मुलाने डिझेलच्या गाडीचं दार माझ्यासाठी उघडलं, मला इंजिन दाखवलं, मला कर्ज समजावलं. शेवटी तिच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, कलर कुठला आवडला?"

"पेट्रोलमधला कुठलाही चालेल," ती म्हणाली.

तो मुलगा खळखळून हसला. मी नाही हसलो. पांढरी डिझेल घेऊन आलो.

माझ्या मुलांनी आणि ताईंच्या मुलांनी हे नीट वाचावं: ती गाडी हिने चालवली आणि उत्तम चालवली. गुडघ्याला पट्टा बांधून, पाठीमागे उशी घेऊन चालवली. माझ्यासारखी शिव्या देत नसे, की सिग्नल हिरवा व्हायच्या आत पुढे घुसत नसे. राजाराम पुलावरून निघून दांडेकर पूल, स्वारगेट, फातिमानगर, हडपसर करत ती महिन्यातून दोनदा मांजरीला जाऊन संध्याकाळच्या आत परत यायची. गाडीवर एक ओरखडा नाही. जे ओरखडे होते ते माझे.

पण गाडी माझी. म्हणून नियमही माझा. जो गाडी बाहेर काढील त्याने वाटेत इंधन टाकूनच परत यायचं, टाकी अर्ध्याच्या खाली गेलेली मला चालणार नाही. नियम दोघांना होता, पण बोलणी एकटीलाच बसायची. एकदा ती पंपावर न थांबता आली तेव्हा मी पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "बहिणीकडे जायचं, जेवून यायचं आणि काटा खाली आणून ठेवायचा. माहेर परवडत नाही हो हिचं." तेव्हापासून तिने तो नियम एकदाही मोडला नाही. मांजरीला जाताना आधी पंपावर थांबायचं, पाचशेचं डिझेल घ्यायचं, मग पुढे.

काही वर्षांनी वारं फिरलं. डिझेल आणि पेट्रोलच्या भावातला फरक कमी झाला. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्या बंद केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. टेकडीवरचे तेच लोक आता नाकाला रुमाल लावून माझी चेष्टा करायला लागले.

"काय, धुराडं आणलंत का आज?"

"दिल्लीत असता तर गाडी भंगारात गेली असती तुमची."

"इथेही जाईल. नेतील तेव्हा मालकालाही घेऊन जा म्हणावं, दोघं सारखेच धूर काढतात."

मी त्या दिवशी तणतणत घरी आलो आणि गाडीच्या मागे 'डिझेल' म्हणून जी अक्षरं होती ती दोरा घालून कापून काढली. मग टाकीच्या झाकणाच्या आत तोच शब्द लिहिलेलं स्टिकर होतं, तेही नखाने खरवडलं. बायको भाजी घेऊन येत होती. थांबून बघत राहिली.

"आतलं कशाला काढताय? ते पंपवाल्यांसाठी असतं."

"माझी गाडी कशावर चालते ते मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो. पंपवाल्याला कळायला नको?"

"मला तोंड आहे. मी सांगेन."

आता ती संध्याकाळ. मी कर्वे रस्त्यावरच्या पंपावर गेलो होतो. काटा पाव टाकीच्या जरा वर होता. रांगेत असताना टेकडीवरच्याच एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या जावयाला गाडी घ्यायची होती, आणि पेट्रोल घ्यावी का डिझेल याचा सल्ला त्यांना माझ्याकडून हवा होता. इतके महिने चेष्टा सहन केल्यावर कोणीतरी पुन्हा मला विचारत होतं. मी खिडकीची काच खाली करून पुढ्यातल्या सगळ्या पंपाला ऐकू जाईल अशा आवाजात डिझेलचे फायदे सांगायला लागलो. इंजिनाचं आयुष्य, चढावरची ताकद, सगळं.

पंपावरचा माणूस वाकून म्हणाला, "काका, पेट्रोल ना?"

मी हात हलवला. हो हो, टाक. दोन हजार, असं बोटांनी दाखवलं.

"झीरो बघून घ्या."

झीरो मी बघितला. अगदी फोन बाजूला धरून, चष्मा सारखा करून बघितला. पंपावर लबाडी झीरोमध्ये होते, एवढं मला माहीत होतं, आणि मला कोणी फसवू शकत नाही याचा मला अभिमान होता. नळी कुठली लावलीय ते बघितलं नाही. तीस वर्षं पेट्रोल टाकलेला हात होता, पेट्रोल हा शब्द ऐकून तो हलला. घर जवळ होतं. नळ्यांमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी घरापर्यंत आली. मी ती पार्किंगमध्ये लावली आणि त्या गृहस्थांना पुन्हा फोन करून राहिलेले मुद्दे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीवर होतो, त्या दिवशी पायीच गेलो होतो. बायकोचा फोन आला.

"अहो, ताईचा मोठा मुलगा बोलला आत्ता. तिला श्वास लागलाय. डॉक्टर घरी येऊन गेले, म्हणाले, आता हलवू नका. ती मला बोलावतेय. मी निघते."

"थांब, मी आलो की जाऊ."

"तुम्हाला यायला वेळ लागेल. चावी घेतलीय मी."

मला तिचं ते चावी घेणं आवडलं नाही. ताईंचा श्वास लागला होता आणि माझ्या डोक्यात चावी होती.

थोड्या वेळाने तिचा दुसरा फोन आला. ती स्वारगेटच्या पुढे पंपाच्या रांगेत उभी होती. होय, त्या दिवशीसुद्धा, काटा वर असूनही. माझ्या नियमाप्रमाणे.

"अहो, गाडी कसला तरी आवाज करतेय. मध्येच धक्के मारतेय."

"क्लचवर पाय ठेवून चालवतेस, दुसरं काय."

"नाही हो, पाय काढलाय मी. वेगळाच आवाज आहे. पुढे जाऊ ना?"

"जा. डिझेल घे आणि जा."

हा फोन पंपावर नळी लागायच्या आधी झाला. तिने 'माझ्या पुढे अजून तीन गाड्या आहेत' असंही सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

हडपसरच्या उड्डाणपुलावर गाडी बंद पडली. चढावर, मधल्या रांगेत, मागे ट्रक. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि शेजारून जाताना म्हणत होते, "काकू, येत नाही तर कशाला चालवता?" एकानेही उतरून गाडी ढकलली नाही. माझ्या शहरातले सुशिक्षित लोक. त्यांचा मला आजही राग येतो, पण त्यांच्यावर किती रागवणार? त्यांनी अनोळखी बाईला जे ऐकवलं ते मी तिला घरात ऐकवत होतो.

पुलावर रिक्षा थांबेना. शेवटी गाडी तिथेच सोडून ती गुडघ्याच्या पट्ट्यासकट पूल उतरून चालत खाली आली आणि रिक्षा करून मांजरीला पोचली. तोवर ताईंना जमिनीवर घेतलं होतं. "आत्ताच गेली गं मावशी," मोठा मुलगा म्हणाला. "शेवटपर्यंत विचारत होती, आली का."

गाडी मी ओढवून गॅरेजला नेली. दोन दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन आला. "काका, टाकीत पेट्रोल गेलंय. आणि थोडंथोडकं नाही, बरंच आहे."

पाचशे रुपयांत बरंच पेट्रोल येत नाही. मला सगळं त्याच क्षणी कळलं. तो हात, ती बोटं, तो झीरो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत जे शोधलं ते मला फोनवर उभ्या उभ्या सापडलं.

मी म्हटलं, "बरं. साफ करून घ्या."

मुलगा तेव्हा घरात होता. त्याने विचारलं, "काय झालं होतं?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरं बोललो. "पेट्रोल टाकलंय डिझेलच्या गाडीत."

"आई, सीरियसली? पेट्रोल?"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. ताईंचं सुतक होतं, डोळे सुजलेले होते. "नाही रे. मी डिझेल म्हटलं होतं. मी दरवेळी डिझेलच म्हणते."

"मग टाकीत पेट्रोल काय आपोआप आलं?" हे मी म्हटलं.

ती विचार करत उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "अहो, पण आवाज तर आधीपासून येत होता ना? मी रांगेतूनच तुम्हाला फोन केला होता."

इथे मला अजूनही थांबता आलं असतं. ती अगदी बरोबर बोलत होती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आदल्या संध्याकाळपर्यंत पोचली असती. मी तिला ते टाकू दिलं नाही.

"फोन तू पंपावरून निघाल्यावर केलास," मी म्हटलं. "माझ्या पक्कं लक्षात आहे."

माझ्या स्मरणशक्तीचा घरात दरारा होता. कोणत्या सालचा कोणता आकडा, मी झोपेत सांगायचो. तिने माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेलं ती माझ्या शब्दाखातर पुसून टाकत होती.

"असेल," ती म्हणाली. "घाईत होते. तोंडातून पेट्रोल निघून गेलं असेल."

मुलगा म्हणाला, "जाऊ दे गं, होतं असं." आणि ती मटकन खाली बसली. कारण तिला पुढचं कळलं होतं, जे त्याला कळलं नव्हतं. तोंडातून तो एक शब्द निघाला नसता, तर ती ताईंजवळ वेळेत पोचली असती.

त्यानंतर तिने गाडी चालवली नाही. चावी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माझा भरवसा नाही हो." मी आग्रह केला नाही. उलट मला बरं वाटलं, विषय संपला. पण मी कुठे संपू देतोय? तेराव्यानंतर काही महिन्यांतच कोणाच्या तरी मुंजीत मी हा किस्सा रंगवून सांगितला. लोक हसले. मग तो माझा ठेवणीतला किस्सा झाला. "आमच्या हिला विचारा डिझेलच्या गाडीत काय घालतात." तीही हसायची, पदर तोंडाला लावून. ताईंच्या प्रत्येक वर्षश्राद्धाला मात्र मांजरीला गेली की भाच्यांसमोर हात जोडायची. "माझ्यामुळे रे. माझ्याच चुकीमुळे." ते म्हणायचे, "मावशी, असं नको म्हणू." मी शेजारी पाटावर बसून वरणभात जेवायचो. दरवर्षी. घास अडला नाही.

ती आजारी पडली तेव्हा मी ठरवलं, सांगायचं. दवाखान्यात दुपारी आम्ही दोघंच असायचो. मी खुर्ची जवळ ओढायचो, घसा साफ करायचो, आणि तिला पाणी हवंय का असं विचारायचो. एका दुपारी तिनेच माझा हात धरला.

"अहो, एक विचारू? त्या गाडीचं तुम्ही मनात ठेवलं नाहीत ना? केवढा खर्च आला होता. आणि ताई..."

हीच वेळ होती. ती माझी माफी मागत होती.

मी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "अगं, झालं ते झालं. मी तुला कधीच माफ केलंय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मोठ्या मनाचे आहात," ती म्हणाली. त्यानंतर आठवड्याभरात ती गेली.

टेकडीवर जाणं मी सोडलं. गाडी विकली. इतर कुणाचा राग करून आता भागत नाही. त्या पंपवाल्याने विचारलं होतं, त्याचं काही चुकलं नाही. ती चेष्टा करणारी मंडळी, तो फोन करणारे गृहस्थ, हॉर्न वाजवणारे, सगळ्यांना नावं ठेवून पाहिली. शेवटी उरतो तो मी. मुलाने हे वाचलं की तो काय म्हणेल ते मला माहीत आहे आणि त्याने ते म्हणावं. भाच्यांनी यंदा मला पाटावर बसवू नये.

आणि तिला, त्या दुपारी, खुर्ची जवळ ओढून, जे म्हणायचं होतं ते हे: अगं, तू डिझेलच म्हणालीस. पेट्रोल आदल्या दिवशी मी टाकलं होतं. फोन तू रांगेतूनच केला होतास, मी खोटं बोललो. तू ताईंकडे वेळेत पोचणार होतीस, मी पोचू दिलं नाही. तुझी काहीही चूक नव्हती. मला माफ कर.